टांझानियाच्या छोट्या गावांत स्वस्तात राहायचं कसं? वाचकांचे प्रश्न

टांझानियातल्या छोट्या गावांत, साध्या हॉटेलांमध्ये राहून फिरायचं ठरवणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतल्या काहींची उत्तरं इथे देते आहे. बहुतेकांच्या यादीत किलिमांजारोच्या पायथ्याचं मोशी, उसांबारा डोंगरांतलं लुशोतो, पठारावरचं इरिंगा, अभयारण्यांच्या वाटेवरचं करातू आणि किनाऱ्यावरचं पांगानी ही नावं होती, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. मोशी आणि लुशोतो मिळून आठवडाभर राहायचं आहे. खोलीसाठी दिवसाला हजार-बाराशे रुपयांच्या वर जायचं नाही. सगळं बुकिंग इथूनच करून जावं का? आणि या पैशात मिळतं तरी काय? (नाशिक)

पहिल्या रात्रीचं बुकिंग करून जा, पुढचं तिथे जाऊन करा. लांबच्या प्रवासाने थकलेल्या माणसाने अनोळखी गावात खोली शोधत फिरू नये, म्हणून पहिली रात्र पक्की हवी. पण तुमच्या खर्चात बसणारी चांगली ठिकाणं बऱ्याचदा इंटरनेटवर नसतातच. बस स्टँडपासून दोन गल्ल्या आत, रंगवलेल्या भिंतीवर ‘गेस्ट हाऊस’ किंवा ‘लॉज’ अशी पाटी, आत छोटं अंगण आणि अंगणाभोवती आठ-दहा खोल्या, असं त्यांचं रूप असतं. तिथे ‘गेस्टी’ कुठे आहे असं विचारलं की कोणीही दाखवतं.

हिशेबासाठी एका रुपयाला साधारण ३० शिलिंग धरा. म्हणजे बाराशे रुपयांचे ३६,००० शिलिंग झाले. एवढ्यात स्वच्छ खोली, एक मोठा पलंग, मच्छरदाणी आणि स्वतःचं न्हाणीघर मिळायला हरकत नाही. कित्येक ठिकाणी सकाळचा चहा, पाव, अंडी आणि केळी त्यातच धरलेली असतात. न्हाणीघर-संडास आत असलेल्या खोलीला तिथे ‘सेल्फ-कंटेन्ड’ म्हणतात. तो शब्द उच्चारला नाही तर सामायिक न्हाणीघराची खोली दाखवतील, आणि ती निम्म्या भावातही असू शकते. आणखी एक गोष्ट विचारून घ्या. तिथल्या ‘सिंगल’ खोलीत पुष्कळदा दोघांना पुरेल एवढा मोठा पलंग असतो आणि ‘डबल’ म्हणजे दोन पलंग. जोडप्याला सिंगल पुरते आणि ती स्वस्त पडते.

पैसे देण्याआधी खोली पाहायची. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. ‘नाओम्बा कुओना चुम्बा’ म्हणजे ‘खोली बघू द्या’ असं म्हटलं की किल्ली घेऊन कोणीतरी पुढे चालायला लागतं. आत गेल्यावर चादरीकडे सगळेच बघतात. तुम्ही आधी नळ सोडून बघा. मग दाराची आतली कडी लागते का ते बघा, मच्छरदाणी पूर्ण खाली ओढून तिला भोकं आहेत का ते तपासा, दिवा लावा आणि शेवटी खिडकी उघडून बाहेर काय आहे ते पाहा. खिडकीखाली बार असेल तर ती खोली घेऊ नका, कितीही नीटनेटकी असली तरी. शनिवारी रात्री तिथलं संगीत पहाटेपर्यंत चालतं आणि विनंती करून ते थांबत नाही. बस स्टँडला लागून असलेल्या खोलीत पहाटे चारपासून हॉर्न ऐकू येतात. मागच्या बाजूची खोली मागा.

न्हाणीघरात पाण्याने भरलेलं पिंप आणि तांब्या दिसला तर ती चांगली खूण समजा. गावाचं पाणी अधूनमधून जातं, आणि ज्याने पिंप भरून ठेवलंय त्याला पाहुण्यांची काळजी आहे. गरम पाण्याचा हीटर नसला तरी बादलीभर पाणी तापवून देतात. फक्त आदल्या रात्री सांगून ठेवायला हवं. लुशोतो समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर आहे. जून ते ऑगस्टमध्ये तिथे रात्री चांगलाच गारठा पडतो, तेव्हा जास्तीचं ब्लँकेट आधीच मागून घ्या.

तुमच्यासाठी माझी खरी शिफारस मात्र चर्चच्या अतिथिगृहांची आहे. लुथरन आणि कॅथलिक संस्थांची अशी साधी निवासस्थानं टांझानियाच्या अनेक गावांत आहेत. कोणत्याही धर्माचा माणूस राहू शकतो, दारू बहुधा नसते, रात्री फाटक लवकर बंद होतं आणि शांत झोप लागते. या वयात चार पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

पैसे बहुतेक ठिकाणी आधी द्यावे लागतात. एकेका रात्रीचे द्या आणि पावती घ्या. एक मोठं रजिस्टर पुढे येईल. त्यात नाव, पासपोर्ट क्रमांक, कुठून आलात, कुठे जाणार हे लिहायचं. यात संशय घेण्यासारखं काही नाही, ही तिथली नेहमीची पद्धत आहे.

प्रश्न : मी एकटी जाणार आहे. अशा स्वस्त ठिकाणी एकट्या बाईने राहणं सुरक्षित आहे का? (पुणे)

हो, पण ठिकाण निवडून. सगळ्यांत स्वस्त खोल्यांपैकी काही तासांवर दिल्या जातात, आणि ते दिवसाउजेडी लगेच ओळखू येत नाही. आत एकही सामान घेऊन आलेला प्रवासी किंवा कुटुंब नसेल, दिवसाही मोठ्याने गाणी चालू असतील, तर दुसरीकडे जा. जिथे काउंटरवर किंवा स्वयंपाकघरात बाई आहे, ती जागा पहिली बघा. वयस्कर बाईला ‘शिकामो’ म्हणून अभिवादन करा, ती ‘मराहाबा’ म्हणेल. मोठ्यांना करायचा हा नमस्कार आहे. तो केला की तुमच्याकडे बघण्याची नजर बदलते आणि मग रात्री कोणी दार वाजवलं तर विचारपूस करायला ती स्वतः येते.

गावात दिवस मावळण्याआधी पोहोचा. रात्रीच्या बसने पहाटे तीनला उतरणं टाळा. दाराला बाहेरून लावायला स्वतःचं छोटं कुलूप असू द्या. पासपोर्ट आणि मोठी रक्कम अंगावर. अंधार पडल्यावर पायी फिरू नका आणि बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीही नको. हॉटेलातल्या माणसाला सांगून त्याच्या ओळखीची बजाजी बोलवा. पुण्याच्या बजाज कंपनीवरून तिथल्या तीनचाकी रिक्षेला हेच नाव पडलंय. पांगानी, किल्वा, बागामोयो या किनाऱ्यावरच्या गावांत मुस्लिम वस्ती मोठी आहे. तिथे खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. आपला पंजाबी ड्रेस अगदी चालतो.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडीही खात नाही. छोट्या गावात उपाशी राहावं लागेल का? की सगळं बरोबर न्यावं? (सांगली)

उपाशी अजिबात राहणार नाही. तिथलं रोजचं जेवणच तुमच्या कामाचं आहे. ‘वाली ना महारागे’ म्हणजे भात आणि राजम्यासारख्या घेवड्याची उसळ, हे कोणत्याही खाणावळीत असतं. जोडीला ‘म्चिचा’ ही माठासारखी पालेभाजी किंवा परतलेला कोबी. चपात्या सर्रास मिळतात, आपल्यापेक्षा जाड आणि तेलकट. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तीही हाताने मोडून भाजीबरोबर खाऊन बघा. सकाळी गरम मंदाझी, म्हणजे गोडसर तळलेली फुगीर पुरी, आणि दुधाचा चहा. लुशोतोच्या बाजारात डोंगरात पिकलेल्या भाज्या आणि फळं पाहून तुम्हाला स्वयंपाकघर नसल्याचं वाईट वाटेल.

अडचण वेगळ्याच जागी येते. ‘न्यामा’ म्हणजे मांस चालत नाही एवढंच सांगितलं तर कोंबडी किंवा मासे पुढे येऊ शकतात, कारण ते वेगळे धरले जातात. म्हणून तिन्ही सांगा : ‘सिली न्यामा, सिली कुकू, सिली समाकी’. अंडं म्हणजे ‘मायाई’, तेही जोडा. घेवडा किंवा भाजी मांसाच्या रश्शात शिजवली आहे का, हे विचारा. तळलेल्या बटाट्याच्या चिप्सचं तेल आणि कोंबडीचं तेल बहुधा एकच असतं, त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर चिप्स नकोत. कांदा-लसूणही टाळणाऱ्यांना मात्र खरंच कष्ट पडतील, त्यांनी फळं, चपाती आणि घरचं खाणं यांवर भिस्त ठेवावी.

आता सगळ्यांत उपयोगाची गोष्ट. रात्रीचं जेवण सकाळीच सांगून ठेवा. छोट्या हॉटेलात तुम्ही सांगितल्यावर बाजारात जाणं, कोळसा पेटवणं आणि शिजवणं सुरू होतं. सात वाजता मेन्यू बघून मागवलंत तर साडेआठलाही ताट येणार नाही, आणि तुम्ही भुकेने चिडाल. त्यात त्या स्वयंपाकिणीचा काही दोष नसतो. सकाळी न्याहारीच्या वेळी तिला भेटून ‘आज सातला भात, घेवडा, पालेभाजी, मांस नको’ एवढं सांगा, थोडे पैसे आगाऊ द्या, आणि बघा ती किती मनापासून करते ते. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच विचारते.

बरोबर मेतकूट, चटणी, लाडू जरूर न्या, पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून नाही. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि बाहेरून आणायलाही मनाई आहे. डबे किंवा कापडी पिशव्या वापरा. कारखान्यात सीलबंद झालेली पाकिटं चालतात.

प्रश्न : मलेरियाची गोळी खरंच घ्यायला हवी का? आपल्याकडेही डास आहेतच की. आणि पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस? (कोल्हापूर)

हा गैरसमज मला फार घातक वाटतो. भारतात राहिल्यामुळे आफ्रिकेतल्या मलेरियापासून संरक्षण मिळत नाही. टांझानियात बहुतांश मलेरिया फाल्सिपेरम जातीचा असतो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर तो काही दिवसांत जिवावर बेततो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याच. डॉक्सीसायक्लिन आपल्याकडे सहज मिळते. ती जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यायची असते. परत आल्यावर ती मध्येच सोडणारे खूप आहेत, तसं करू नका. लुशोतो उंचावर असल्याने तिथे धोका कमी आहे, पण तिथे जाणारी वाट खालच्या सपाटीवरच्या मोम्बोवरून जाते, त्यामुळे गोळी चुकवायची नाही. मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. ताप आला तर तिथल्या तिथे रक्त तपासा, छोट्या दवाखान्यातही ती तपासणी होते. परतल्यावर कित्येक आठवड्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना आफ्रिकेत जाऊन आल्याचं पहिल्या वाक्यात सांगा.

पीतज्वराच्या लसीचा प्रश्न तुमच्या विमानाच्या मार्गावर ठरतो. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल, तर दाखला जवळ असलेला बरा. केनिया, इथिओपियासारख्या, पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून दाखल्याविना परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, आणि दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. तो आता जन्मभर चालतो. साठीपुढच्यांना पहिल्यांदा ही लस घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून वरच्या नाशिकच्या जोडप्यासारख्यांनी आधी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : पैसे कसे न्यायचे? घासाघीस करावी का? (ठाणे)

छोट्या हॉटेलात कार्ड चालेल असं धरू नका. तिथली माणसं मोबाइलवरून पैसे देतात-घेतात, पण त्यासाठी स्थानिक सिम लागतं. मोशी, इरिंगासारख्या गावात एटीएम आहेत. तिथे पैसे काढूनच छोट्या गावाकडे निघा. अडीअडचणीसाठी डॉलर ठेवा, नोटा नव्या आणि न दुमडलेल्या हव्यात, जुन्या छापाच्या घेत नाहीत. सर्वांत मोठी नोट १०,००० शिलिंगची असल्याने पुडकं जाड होतं, ते दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवा. सुटे जपून ठेवा.

तीन-चार रात्री राहणार असाल तर ‘नाओम्बा पुंगुझो’ म्हणून थोडी सूट मागायला हरकत नाही. एका रात्रीसाठी शंभर रुपये पाडून घेण्याचा अट्टहास करू नका. अशा घरात तुमच्या खोलीच्या भाड्यातूनच चादरी धुणाऱ्या मुलीचा पगार निघतो.

प्रश्न : करातूत स्वस्त राहून न्गोरोन्गोरो हे ज्वालामुखीच्या विवरातलं अभयारण्य पाहिलं तर सफारी स्वस्तात होईल ना? (डोंबिवली)

थोडीफार. लॉजचे पैसे वाचतील, पण खर्चाचा मोठा वाटा खोलीचा नसतोच. अभयारण्याचं प्रवेशशुल्क, विवरात उतरायचं गाडीचं वेगळं शुल्क आणि जीपचं भाडं हे तुम्ही कुठेही झोपलात तरी द्यावंच लागतं. जीपमध्ये चार-पाच जण मिळून वाटणी करणं हाच खरा उपाय.

आणि प्राणी पाहायचे म्हणजे सफारीच करायला हवी असं नाही. दार-एस-सलामहून इरिंगाला जाणारा महामार्ग मिकुमी राष्ट्रीय उद्यानाच्या मधून जातो. साध्या बसच्या खिडकीतून जिराफ, हरणं, कधी हत्तीही दिसतात, बसच्या तिकिटावर एक शिलिंगही जास्त न देता. त्या बसमध्ये खिडकीची जागा मागून घ्या. इरिंगाजवळ इसिमिला इथे अश्मयुगीन हत्यारं सापडलेली घळ आहे, तीही चुकवू नका.

प्रश्न : बसच्या तिकिटावर ‘१२ असुबुही’ लिहिलेलं असतं म्हणे. म्हणजे दुपारचे बारा का? (सोलापूर)

नाही, सकाळचे सहा. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सात वाजले की त्यांचा एक वाजतो, म्हणून आपल्या घड्याळातून सहा तास वजा करायचे. ‘असुबुही’ म्हणजे सकाळ. लांबच्या बसेस बहुतेक पहाटेच सुटतात, त्यामुळे दुपारी बाराला स्टँडवर गेलात तर तुमची बस केव्हाच निघून गेलेली असेल. तिकीट घेताना आणि हॉटेलात गरम पाण्याची वेळ सांगताना बोटाने घड्याळातला काटा दाखवा. पहाटे निघायचं असेल तर पहारेकऱ्याला रात्रीच सांगून ठेवा, फाटकाची किल्ली त्याच्याकडे असते.