स्पॅनिशमध्ये नियमित क्रियापद 'इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह'मध्ये कसं चालवायचं? 'रा' आणि 'से' अशी दोन रूपं दिसतात, त्यातलं कोणतं शिकू?

'रा'चं रूप शिका. 'से'चं वाचताना ओळखता आलं तरी सध्या पुरे.

हे रूप मूळ क्रियापदावरून बनवू नका, साध्या भूतकाळातल्या 'ते'च्या रूपावरून बनवा. 'कोमेर' म्हणजे खाणं, 'ते जेवले' म्हणजे 'कोमिएरोन'. त्यातला शेवटचा 'रोन' काढा आणि 'रा, रास, रा, रामोस, राइस, रान' हे प्रत्यय लावा. मी : कोमिएरा, तू : कोमिएरास, तो किंवा ती : कोमिएरा, आम्ही : कोमिएरामोस, तुम्ही (स्पेनमधलं बोसोत्रोस) : कोमिएराइस, ते : कोमिएरान. 'बिबीर'चं (राहणं) बिबिएरोनवरून बिबिएरा, 'आब्लार'चं (बोलणं) आब्लारोनवरून आब्लारा.

बहुतेक पुस्तकं 'आब्लार'पासून सुरुवात करतात, ते मला पटत नाही. आब्लारला नुसता 'आ' जोडला तरी योगायोगाने बरोबर रूप तयार होतं. मग विद्यार्थी तोच नियम धरून बसतो आणि पुढे 'कोमेरा' असं नसलेलं रूप बनवतो. शिकवताना मी म्हणूनच कोमेर आधी घेते. शिवाय 'रोन' काढण्याची रीत अनियमित क्रियापदांनाही एकही अपवाद न करता लागू पडते : तुबिएरोनचं तुबिएरा, दिखेरोनचं दिखेरा, फुएरोनचं फुएरा. साधा भूतकाळ कच्चा असेल तर मात्र आधी तो पक्का करा, नाहीतर इथे प्रत्येक पायरीवर अडाल.

आता उच्चार. भूतकाळाच्या रूपात जोर जिथे होता तिथून तो हलत नाही. आब्लारा म्हणताना जोर 'ब्ला'वर. तोच 'रा'वर गेला तर ते भविष्यकाळाचं रूप होतं, 'तो बोलेल'. 'आम्ही'च्या रूपातही जोर 'ब्ला'वरच, पण तो आता शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो, म्हणून फक्त तिथेच लिहिताना स्वरावर तिरकी रेघ द्यावी लागते.

वापराबाबत आपलं शाळेतलं व्याकरण कामी येतं. आपल्याकडे विध्यर्थ आणि संकेतार्थ वेगळे आहेत, स्पॅनिशचं हे एकच रूप दोन्हीकडे वावरतं. 'मारियाने जास्त खावं असं मला वाटतं' आणि 'वाटत होतं', दोन्हींत मराठीचं 'खावं' तसंच राहतं. स्पॅनिशमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की पुढचंही बदलतं : 'किएरो के मारिआ कोमा मास', पण 'केरिआ के मारिआ कोमिएरा मास'.

'तर'च्या वाक्यात आपली गफलत ठरलेली असते. 'मी माद्रिदला राहत असते तर उशिरा जेवले असते' यात 'असते' दोन्हीकडे येतं, त्यामुळे स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे एकच रूप घालावंसं वाटतं. बरोबर वाक्य असं : 'सि बिबिएरा एन माद्रिद, कोमेरिआ मास तार्दे'. 'सि'च्या बाजूला बिबिएरा, परिणामाच्या बाजूला कोमेरिआ, म्हणजे 'कंडिशनल' नावाचं वेगळं रूप. उत्तर स्पेनच्या काही भागांत लोक 'सि बिबिरिआ' असं बोलतात, पण प्रमाण भाषेत आणि परीक्षेत ते चूक धरलं जातं. 'कोमो सि' म्हणजे 'जणू काही', त्याच्यापुढेही हेच रूप : 'कोमो सि बिबिएरा आकी', जणू तो इथेच राहतो.

'से'चं रूप त्याच साच्यातून निघतं : कोमिएसे, कोमिएसेस, कोमिएसे, कोमिएसेमोस, कोमिएसेइस, कोमिएसेन. दोन्ही रूपं लॅटिनमधल्या दोन वेगळ्या भूतकाळी रूपांतून आली आणि कालांतराने त्यांचं काम एक झालं. लॅटिन अमेरिकेतल्या बोलण्यात 'रा'चंच राज्य आहे. स्पेनमध्ये दोन्ही ऐकू येतात, तरी 'रा' अधिक. शिवाय दुकानात किंवा कचेरीत नम्रपणे काही मागताना 'किसिएरा' (मला हवं होतं) म्हणतात, तिथे 'किसिएसे' चालत नाही.