डॉक्टरांसमोर तोंडातून 'बरी आहे' निघतं

प्रश्न : ताई, चार वर्षांपासून मला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. मधूनच एखादा आठवडा सांधे आखडतात, अंगात ताप मुरल्यासारखा वाटतो, अंथरुणातून उठवत नाही. पण संधिवाततज्ज्ञांची अपॉइंटमेंट तीन महिन्यांनी, आणि त्या दिवशी नेमकी मी ठणठणीत दिसते. आठ दिवस आधीपासून झोप उडते. खुर्चीत बसलं की "बरी आहे" एवढंच तोंडातून निघतं. गेल्या वेळचे रिपोर्टही चांगले आले. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. आता मलाही तसंच वाटायला लागलंय.

उत्तर : 'बरी आहे' हे माझंही पाठ झालेलं वाक्य. मला ल्युपस होऊन १७ वर्षं झाली, त्यातली पहिली सहा मी हेच म्हणत आले. एकदा तपासून झालं, फाइल काखेत घेतली, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि सहज बोलून गेले, "हल्ली खोल श्वास घेतला की डाव्या बाजूला कळ येते. चालायचंच ना?" डॉक्टरांनी मला परत बसवलं. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली होती. आणि त्याआधीची दहा मिनिटं मी केस गळण्यावर बोलण्यात घालवली होती!

तेव्हापासून मी कागद नेते. आठवून लिहिलेला नाही, फ्लेअर, म्हणजे आजार उसळलेला काळ, चालू असतानाच लिहिलेला. 'खूप दुखतं' लिहून कुणालाच काही कळत नाही. माझं माप म्हणजे टूथपेस्टचं झाकण. 'मंगळवार : बोटं सुटायला ४० मिनिटं. बुधवार : दीड तास, झाकण दातांनी उघडलं.' सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहतात हे डॉक्टरांना हवंच असतं, त्यामुळे अशा दोन ओळी ते लगेच टिपून घेतात. पुरळ आलं की खिडकीच्या उजेडात फोटो काढून ठेवा. अपॉइंटमेंटच्या दिवशी ते हमखास पळालेलं असतं.

ताप 'वाटतो' असं तुम्ही लिहिलंय. थर्मामीटर लावा. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील आणि पारा १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. तो फ्लेअरचा ताप की संसर्गाचा, हे घरबसल्या ओळखता येत नाही. मला तरी १७ वर्षांत एकदाही आलेलं नाही.

गोळ्या चुकल्या असतील तर तेही त्याच कागदावर लिहा. बरं वाटायला लागलं की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसची नेहमीची गोळी विसरायची, ही माझी जुनी खोड. मी ती लपवली आणि डॉक्टर आणखी एक जालीम औषध जोडायच्या बेतात होते. शेवटी लाजत लाजत सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट सुटल्यासारखे हसले.

आता रिपोर्टचं. ते चांगले आले म्हणून तुम्ही खोट्या ठरत नाही. डीएस-डीएनए, सी-३, सी-४ हे रक्ततपासणीतले आकडे आजाराच्या हालचालीचा अंदाज देतात, थकवा मोजत नाहीत. आकडे शांत आणि माणूस गळालेला, हे ल्युपसमध्ये सर्रास दिसतं. उलटही घडतं, आणि ते जास्त धोक्याचं. मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही, नुसती लघवीतून प्रथिनं जायला लागतात. म्हणून छान वाटत असतानाही लघवीची तपासणी चुकवायची नाही.

राहिली झोप. आदल्या रात्री मी अजूनही तीनला जागी होते, हे काही गेलेलं नाही. फक्त आता फाइल दुपारीच भरून दारापाशी ठेवते आणि रात्री जुने रिपोर्ट उघडत नाही. सकाळी आत गेल्या गेल्या, "कशा आहात?" विचारायच्या आत कागद टेबलावर ठेवते. पहिल्या ओळीत त्या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, बाकीचे त्याखाली. खालचे राहिले तरी चालतं.

सोबत एक माणूस नेते. त्याला काम एकच, मी 'बरी आहे' म्हटलं की खाकरायचं. तुमच्याकडे हे काम 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यालाच द्या, आणि जाताना वाटेत कागद त्यालाच वाचायला लावा.