सीएलएलच्या अहवालातील '१३क्यू१४ डिलीशन' आणि मायक्रोआरएनए यांचा संबंध काय?

कोथरूडला राहणाऱ्या आपल्या काकांना सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, झाल्याचे निदान झाले असून त्यांच्या फिश (गुणसूत्रांवरील ठरावीक जागा चमकत्या रंगाने दाखवणारी तपासणी) अहवालात '१३क्यू१४ डिलीशन' असा शेरा आहे, असे आपण लिहिले आहे. तिथे मायक्रोआरएनएची जनुके असतात हे वाचून, इतक्या लहान रेणूंचा कर्करोगाशी काय संबंध, त्यावर औषध आहे का आणि घरातील इतरांनी रक्तातील मायक्रोआरएनएची चाचणी करून घ्यावी का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यातच रेणवीय निदानाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे असे अहवाल नेहमीच नजरेखालून जातात.

या तपासणीत आम्ही अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीच्या केंद्रकातील चमकणारे ठिपके मोजतो. १३क्यू१४ या जागेचे निरोगी पेशीत दोन ठिपके दिसतात. काकांच्या बऱ्याच पेशींत एकच दिसला असणार. तेराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा हा तुकडा सीएलएलच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत गळालेला आढळतो. तिथे कर्करोगाला आवर घालणारे एखादे जनुक असावे म्हणून बरीच वर्षे शोध चालला, पण प्रथिन तयार करणारे दोषी जनुक काही हाती लागेना. अखेर २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन, कार्लो क्रोचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की त्या तुकड्यात एमआयआर-१५ए आणि एमआयआर-१६-१ या दोन मायक्रोआरएनएंची जनुके आहेत. कर्करोगाशी मायक्रोआरएनएचे नाते जुळले ते इथे.

मायक्रोआरएनए सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे आरएनएच्या २२ अक्षरांचा, असतो आणि त्यापासून प्रथिन बनत नाही. केंद्रकात ड्रोशा आणि पेशीद्रवात डायसर ही विकरे मूळच्या लांब आरएनएला कापून त्याला या आकारास आणतात. मग तो आर्गोनॉट या प्रथिनात बसतो आणि आपल्या सुरुवातीच्या सहा-सात अक्षरांशी जुळणारा मजकूर ज्या संदेशवाहक आरएनएच्या (प्रथिन बनवण्याचा संदेश नेणाऱ्या रेणूच्या) शेपटात असेल, त्याचे प्रथिनात रूपांतर होऊ देत नाही किंवा तो संदेशच नष्ट करवतो. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत हे प्रथम दाखवले आणि त्यांना २०२४ चे नोबेल मिळाले. एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर परिणाम करू शकतो, मात्र प्रत्येकावरचा परिणाम बहुधा सौम्य असतो.

एमआयआर-१५ आणि १६ ज्यांना दाबतात त्यांत बीसीएल-२ हे पेशीला मरू न देणारे प्रथिन आहे, तशीच पेशीविभाजन पुढे नेणारी काही प्रथिनेही आहेत. आवर सुटला की बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी मरायच्या वेळी मरत नाहीत आणि साचत जातात. उंदरांतून हा तुकडा काढून टाकल्यावर त्यांच्यापैकी काहींना सीएलएलसारखा आजार झाला, हे २०१० मध्ये दिसले. माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा हाच.

यावरून मायक्रोआरएनए कर्करोग रोखतात असे सरसकट म्हणता येणार नाही. याच गुणसूत्राच्या याच भुजेवर, थोडे पुढे १३क्यू३१ येथे, एमआयआर-१७-९२ हा समूह आहे; काही लिम्फोमांत (लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगांत) त्याच्या प्रती वाढलेल्या असतात आणि तो कर्करोगाला हातभार लावतो. कोणता रेणू, कोणत्या पेशीत आणि तिथे त्याच्या आवाक्यात कोणते संदेश आहेत, यावर सारे ठरते.

औषधाबाबत सांगायचे तर मायक्रोआरएनएच औषध म्हणून देण्याचा प्रयत्न झाला आहे. एमआयआर-३४ची कृत्रिम प्रत मेदकणांत भरून रुग्णांना देण्याची चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली, परंतु प्रतिकारशक्तीशी संबंधित गंभीर दुष्परिणामांमुळे ती २०१६ मध्ये थांबवावी लागली. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत व्हेनेटोक्लॅक्सला सीएलएलसाठी मान्यता मिळाली. ही गोळी बीसीएल-२ प्रथिनालाच निकामी करते. हरवलेला आरएनए परत न देता, त्याच्या अभावी माजलेल्या प्रथिनावर थेट घाव घालण्याचा हा मार्ग आहे आणि तो चांगला उपयोगी पडला आहे. अर्थात तो काकांना आज हवा आहे का, हा निर्णय त्यांच्या रक्तविकारतज्ज्ञांचा. सीएलएलच्या अनेक रुग्णांवर सुरुवातीला केवळ लक्ष ठेवले जाते.

घरच्यांनी रक्तातील मायक्रोआरएनएची चाचणी करू नये, असे मी स्पष्ट सांगेन. १३क्यू१४ची ही उणीव सहसा आयुष्याच्या ओघात रक्तपेशींत निर्माण होते, जन्मतः मिळालेली नसते. शिवाय एमआयआर-१६ तांबड्या पेशींत भरपूर असतो. हडपसरहून डेक्कनपर्यंत दुचाकीवर हिंदकळत आलेल्या नळीत काही तांबड्या पेशी फुटल्या, तर तेवढ्यानेही आकडा चढतो.

सीएलएलमध्ये केवळ १३क्यू१४चीच उणीव असणे हे फिशच्या निष्कर्षांत सर्वांत अनुकूल मानले जाते. म्हणून १७पी डिलीशन (सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा गळणे) किंवा टीपी५३ या कर्करोगाला आवर घालणाऱ्या जनुकाचे उत्परिवर्तन आहे का आणि आयजीएचव्ही या प्रतिपिंडाच्या जनुकाची तपासणी झाली आहे का, हे काकांच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत अवश्य विचारा. उपचारांची दिशा ठरवताना मायक्रोआरएनएपेक्षा त्या दोन उत्तरांना अधिक वजन असते.