कॅल दाबण्याआधी वही उघडा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की इलेक्ट्रॉनिक काटा बरोबर आहे का हे ज्याचं त्याला तपासता येतं. त्यावर आलेली निम्मी पत्रं "कॅल दाबलं आणि बिघडलं" या सुराची निघाली. (कॅल म्हणजे कॅलिब्रेशन, ठराविक वजन ठेवून काट्याला त्याचा आकडा नव्याने शिकवणं.) चूक माझीच. तपासणं वेगळं आणि कॅल दाबणं वेगळं, हे मी तेव्हाच फोडून सांगायला हवं होतं. यंदा निवडक चारच पत्रं घेते, पण दोन उत्तरं लांबतील.

प्रश्न : ताई, हुपरीत आमचं पैंजणांचं काम आहे. काटा ६०० ग्रॅमचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. अर्धा किलो माल कोल्हापुरात पोचवला की व्यापाऱ्याच्या काट्यावर पाव ग्रॅम कमी भरायचा. म्हणून घरचं २०० ग्रॅमचं पितळी वजन ठेवून मी कॅल केलं. आता फरक अर्ध्या ग्रॅमवर गेलाय. काटा गेला, का व्यापारी लबाड? — एक कारागीर, हुपरी

उत्तर : व्यापाऱ्याला तूर्त सोडा. तुम्ही ते वजन घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या वजनकाट्यांच्या दुकानी आलात म्हणून नक्की सांगता येतं. माझ्या मिलिग्रामच्या काट्यावर ते १९९.८०३ ग्रॅम भरलं. पालथं केलं तर बुडातली शिशाची गुळी अर्धी गायब. ही गुळी शोभेची नसते. वजन नेमकं करायला ती भोकात ठोकतात आणि पासिंगचा, म्हणजे सरकारी तपासणीत पास झाल्याचा, शिक्काही तिच्यावरच बसतो. वर तुम्ही सांगितलंत, की दर खंडेनवमीला हत्यारांबरोबर वजनंही चिंचेनं घासून लख्ख करता. पूजा जरूर करा. घासू नका.

आता अर्ध्या ग्रॅमचा हिशेब. काट्याला ग्रॅम कळत नाहीत. पारड्यावर भार आला की आतला लोडसेल, म्हणजे भार जोखणारा धातूचा तुकडा, किंचित वाकतो, व्होल्टेज इवलंसं बदलतं, चिप त्याचा एक भलामोठा आकडा करते. कॅल म्हणजे काट्याला सांगणं, "आत्ता जो आकडा आलाय त्याला २०० म्हण." तुम्ही १९९.८० ला २०० म्हणायला लावलंत. म्हणजे तेव्हापासून तुमचा काटा हजारात एक जास्त दाखवतो. ५०० ग्रॅमला किती? अर्धा ग्रॅम. व्यापाऱ्याचा काटा बरोबर असला तरी तुम्हाला माल कमीच भरल्यासारखा दिसणार.

आणि तो आधीचा पाव ग्रॅम कशाचा? ते आता कुणालाच सांगता येणार नाही. काटा तिरका होता, पंखा चालू होता, पैंजणाचं टोक पारड्याबाहेर लोंबत होतं, का खरंच व्यापाऱ्याकडे काही होतं, हे कॅल दाबण्याआधीच्या नोंदीवरून कळलं असतं. तुम्ही कॅल दाबलंत आणि पुरावाच पुसला. म्हणून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वही काढायला लावते.

हाताने तपासायचं ते असं. काटा दगडी किंवा काँक्रीटच्या ओट्यावर ठेवा, लाकडी टेबलावर नको. काटा सपाट आहे का हे दाखवणारा, काट्यावरच्या काचेतला बुडबुडा गोलाच्या मधोमध आणा. तास-अर्धा तास काटा नुसता चालू राहू द्या. पंखा बंद. वजनंही त्याच खोलीत आधीपासून ठेवलेली हवीत, उन्हातून आणलेलं गरम वजन आजूबाजूची हवा वर ढकलतं आणि हलकं भरतं. मग ०, ५०, १००, २००, ५०० असं चढत जा, तसंच उतरत या, आणि प्रत्येक आकडा जसा दिसला तसा लिहा. शेवटचा आकडा पटत नाही म्हणून खोडायचा नाही. मग २०० ग्रॅमचं एकच वजन पारड्याच्या चारही कडांशी आळीपाळीने ठेवा. कडेला एक आणि मध्ये दुसरंच दिसत असेल तर कॅल कितीही दाबा, काही होणार नाही. तो आजार वेगळा, त्याला उघडावंच लागतं.

वजनं कोणती घ्यायची? वजनांचे अचूकतेनुसार वर्ग असतात, तुमच्या काट्याला एफ-२ वर्गाची पुरेत. २०० ग्रॅमच्या वजनाला त्यात ३ मिलिग्रामची सूट असते. त्याखालच्या एम-१ मध्ये ती १० मिलिग्राम, म्हणजे तुमच्या काट्याचं ०.०१ ग्रॅमचं एक अख्खं घर. तेवढी ढिलाई नको. वजन चिमट्याने नाहीतर स्वच्छ कापडाने उचला. एकदा आमच्याकडचा पोरगा वडापाव खाऊन आला आणि बोटांनीच वजन उचललं. मिलिग्रामच्या काट्यावर तेलाचा ठसा चक्क दिसला.

आणखी एक. तुमच्या काट्याचं कॅल बाहेरच्या बटणाने झालं का सील काढून, हे पत्रात नाही. दुकानात मी विचारलं तर तुम्ही चहाच्या कपात बघत बसलात. सील तुटलं असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून काटा लावून घ्या आणि पुन्हा पासिंग करा. धंद्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग तसंही दर वर्षी लागतं, सुट्या वजनांचं दोन वर्षांनी.

जाता जाता. मुंबईत लावलेला काटा तसाच इथे आणून चालवला तरी फरक पडतो. मुंबई समुद्राला लागून आणि आपल्यापेक्षा उत्तरेला, आपण साडेपाचशे मीटरच्या वर. इथे पृथ्वीची ओढ किंचित कमी, त्यामुळे १०० ग्रॅमला ३० मिलिग्रामच्या आसपास कमी दिसतं. जर्मनीत लावून आलेल्या काट्यात तर १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रामपर्यंत. कोल्हापूरचा काटा नुसता पन्हाळ्यावर नेला तरी २०० ग्रॅमला पंधरा-वीस मिलिग्राम घटावेत. वडिलांच्या दांडीच्या तराजूला ही कटकट नव्हती, दोन्ही पारडी एकाच गावची. काटा विकणाऱ्याने तो तुमच्या गावात आणून लावून द्यायचा असतो. नुसता खोका हातात ठेवून जायचं नसतं.

प्रश्न : २०१९ मध्ये किलोग्रॅमची व्याख्या बदलली असे वाचले. मग आपल्याकडील जुनी प्रमाणित वजने बाद समजावीत काय? — एक निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : नाही सर, वजनं आहेत तशीच वापरा. पॅरिसजवळ जपून ठेवलेला एक धातूचा ठोकळा म्हणजे किलोग्रॅम, असं आधी होतं. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून, ठरतो. त्या ठोकळ्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. नवी व्याख्या मुद्दाम अशी बेतली, की कुणाच्याच पारड्यातला किलो हलू नये. जे ठोकळ्यांचे मायक्रोग्राम मोजतात त्यांचं काम बदललं. तुमच्या शाळेच्या वजनपेटीला गंज लागला आहे का, ते मात्र बघा.

प्रश्न : मावशी, मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. प्रयोगशाळेत २२० ग्रॅमचा, मिलिग्राम दाखवणारा काटा आहे. सरांनी तोच काटा एकदा हाताने आणि एकदा कॉम्प्युटर जोडून तपासायला सांगितला. १०० ग्रॅमला हाताने १००.००३ आलं, कॉम्प्युटरने १००.००१. बरोबर कुठलं धरू? — एक विद्यार्थिनी

उत्तर : त्या १०० ग्रॅमच्या वजनाचा दाखला आधी वाच. वजनावर १०० कोरलेलं असतं, दाखल्यात खरं किती ते असतं. वजन १००.००१ चं असेल तर कॉम्प्युटर शहाणा, १००.००३ चं असेल तर तू. दाखलाच नसेल तर हे भांडण मिटायचं नाही.

आता तुझे दोन मिलिग्राम. हाताने घेताना तू वजन ठेवलंस, आकडा थांबला, लिहिलास, एकदाच. कॉम्प्युटरने बहुधा दहा आकडे घेऊन सरासरी काढली. तेच वजन तूही दहा वेळा उचलून ठेव आणि दहाही आकडे लिही. ते १००.००१ ते १००.००४ मध्ये नाचत असतील तर दोन्ही उत्तरं एकाच घरातली.

दुसरी गोष्ट शून्याची. वजन काढल्यावर काटा नेमका शून्यावर परत येतो का? समज, आधी ०.००० होता, वजनाला १००.००४ दाखवलं, काढल्यावर ०.००२ राहिला. म्हणजे मधल्या वेळात शून्य सरकलं. दोन्ही शून्यांच्या मधला आकडा, ०.००१, वजा कर. राहिले १००.००३. हे मी अजून पेन्सिलीनेच करते. पण शंभर वेळा करायचं झालं तर कॉम्प्युटरसारखा कारकून नाही. तो कंटाळत नाही आणि ६ चे ९ करत नाही.

कॉम्प्युटरचा खरा उपयोग मधल्या टप्प्यांवर कळतो. साधं कॅल म्हणजे दोन टोकं, शून्य आणि भरलेला काटा. दोन्ही टोकं बरोबर असूनही मध्ये काटा पोट काढू शकतो. ०, २०, ५०, १००, १५०, २०० असे आकडे घेऊन आलेख काढ. १०० ला ४ मिलिग्राम जास्त आणि २०० ला बरोब्बर असं दिसलं, तर नुसत्या सरळ रेषेने ते सुटत नाही. त्याला बहुबिंदू कॅल, म्हणजे मधल्या टप्प्यांवरही वजनं ठेवून केलेलं कॅल, लागतं, नाहीतर दुरुस्तीचा तक्ता काट्याशेजारी चिकटवायचा. हाताने घेतलेल्या दोन आकड्यांत हे कधीच दिसत नाही.

जोडणीचं म्हणशील तर काट्याच्या मागच्या नऊ पिनांच्या आरएस-२३२ ला (आकडे बाहेर पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जोडणीला) यूएसबीची वायर लावायची. दोन्हीकडचा वेग सारखा हवा. बऱ्याच काट्यांत ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असं असतं, पण तुमच्या काट्याच्या पुस्तिकेत बघून घे. पडद्यावर चिनी लिपीसारखा कचरा आला तर काटा बिघडलेला नसतो, वेग जुळलेला नसतो.

इथे माझी फजिती सांगते. माझ्या भाच्याने मला असाच प्रोग्राम करून दिला. एंटर दाबलं की एक आकडा घ्यायचा. एका काट्यावर १०० ग्रॅमचं वजन दहा वेळा ठेवलं, दहाही वेळा १००.००२. एका मिलिग्रामचाही फरक नाही! मी खूश. गिऱ्हाइकाला म्हटलं, तुमचा काटा देवमाणूस आहे. अकराव्या वेळी वजन ठेवायला विसरले, एंटर दाबला, तरी पडद्यावर १००.००२. पारडं रिकामं.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशे, पहिलं वजन ठेवून तू चहाला गेलीस काय?" गेले होते. काटा सेकंदाला पाच ओळी पाठवत होता, त्या सगळ्या कॉम्प्युटरच्या पोटात रांगेत उभ्या. मी दर वेळी एंटर दाबून त्या चहाच्या वेळच्याच ओळी एकेक करून उचलत होते. आता प्रोग्राम आधी रांग रिकामी करतो, मग ताजी ओळ मागतो, आणि ओळीत काटा स्थिर असल्याची खूण नसेल तर आकडा घेतच नाही. तुमचा प्रोग्रामही तपास. पारडं रिकामं ठेवून एंटर दाब. शून्य आलं पाहिजे.

आणि तरीही वही ठेव. वेळ, खोलीचं तापमान, शेजारच्या प्रयोगशाळेत एक्झॉस्ट चालू होता का, हे कॉम्प्युटरला दिसत नाही. आमच्या शेजारी पॉवर प्रेस आहे. ती चालू असली की माझ्या काट्याचा शेवटचा आकडा थांबत नाही, म्हणून मिलिग्रामची कामं मी ती बंद झाल्यावर संध्याकाळी करते. भाच्याच्या प्रोग्रामने एकदा दुपारीच ती नोंद घेतली आणि काट्याला नापास केलं. वहीत "प्रेस चालू" एवढं लिहिलेलं होतं म्हणून काटा वाचला.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेला स्वयंपाकघरातला काटा बरोबर आहे का, हे वजनं विकत न घेता कसं बघू? — एक गृहिणी, रुकडी

उत्तर : दहा रुपयांची दोन धातूंची नाणी काढा. एक नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं. तेरा नाणी ठेवलीत की १०० नाहीतर १०१ दिसायला हवं. एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्याला एवढी परीक्षा पुरते. ९६ किंवा १०५ दिसलं तर आधी बॅटरी बदला, तरीही तेच आलं तर परत पाठवा. नाण्यांवर कॅल मात्र करू नका, हुपरीचं पत्र वर आहेच. आणि काटा गॅसशेजारून हलवा. कुकरच्या वाफेत तो महिनाभरही सरळ चालायचा नाही.