फ्लेक्सवरचे फोटो कुठल्या वर्गातले?

"ताई, कुठल्या क्लबात घालू, एवढंच सांगा." जुलै संपत आला की अमेरिकेतल्या मराठी पालकांचा हा प्रश्न हमखास येतो, कारण ट्रॅव्हल सॉफ्टबॉलच्या निवड चाचण्या ऑगस्टच्या आसपास असतात. ट्रॅव्हल म्हणजे शाळेबाहेरचे, पैसे भरून खेळायचे संघ. कॉलेजचे कोच मुली हेरतात त्या मुख्यतः याच स्पर्धांत. शाळेचा मोसम वसंतात असतो आणि तेव्हा कॉलेजचे स्वतःचे सामने चालू असतात, मग ते शाळेच्या मैदानावर येणार कधी?

माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या न्यू जर्सीच्या एका कुटुंबाचं सांगते, ओळख पुसून. मुलगी दहावीत जाणारी, कॅचर, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखी. बाबांनी अकरा क्लबांचा तक्ता केला होता. फी, प्रवास, ट्रॉफ्या आणि शेवटी ठळक अक्षरांत 'कॉलेजला गेलेल्या मुली'. देशभर नाव असलेल्या एका संस्थेचा आकडा सगळ्यांत मोठा. त्यांच्या लेखी निर्णय झालेलाच होता, मी फक्त मुलीची समजूत घालायची होती. तीन बैठकांत ती "चालेल मला" याच्यापुढे गेली नाही. घरात जो गप्प असतो, तिथेच धागा सगळ्यात ताणलेला असतो, असं मानणारी मी. म्हणून चौथ्या वेळी क्लबांचा विषयच काढला नाही.

"तुमची अकरावी-बारावी कुठे झाली?"

"लातूरला."

"क्लासच्या फ्लेक्सवर फोटो असायचे?"

"असायचे की! चौकाचौकांत."

"ती सगळी मुलं तुमच्या वर्गात बसायची?"

ते हसले, आणि मग हसू मावळलं. "नाही. काही तर फक्त टेस्ट सिरीजला यायचे. टॉपरांची बॅच वेगळी. आम्ही वरच्या मजल्यावर."

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. "बाबा, तिथे मी पण वरच्या मजल्यावरच असेन. त्या टीममध्ये दोन कॅचर आहेत ऑलरेडी."

बराच वेळ कोणी बोललं नाही. आईने हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला. मीही मध्ये तोंड घातलं नाही. त्या शांततेला मी अजूनही माझ्या कामातली जमेची बाजू मानते. बाबा क्रिकेटवर वाढलेले. सॉफ्टबॉलमधलं चांगलं-वाईट त्यांना मैदानावर वाचता येत नव्हतं, जर्सीवरचं नाव तेवढं वाचता येत होतं. त्याला हाव म्हणणं अन्याय होईल. अनोळखी मुलखात माणूस मोठी पाटी बघूनच दुकानात शिरतो.

तेव्हापासून मी पालकांना सांगते, संस्था बाजूला ठेवा आणि संघ पाहा. कॅलिफोर्नियातून निघालेल्या फायरक्रॅकर्ससारख्या नावाचे संघ आज अनेक राज्यांत आहेत. जर्सी एक असली तरी प्रशिक्षक, खेळाडू आणि स्पर्धा संघागणिक वेगळ्या. चाचणीला जाण्याआधी विचारा, संघात किती मुली घेणार? बारा-तेरा असतील तर ठीक. सोळाच्या पुढे गेल्या की बाक लांब होतो. तुमच्या मुलीच्या जागेवर आणखी कोण आहे? शोकेस स्पर्धेत, म्हणजे कॉलेजच्या कोचांना खेळ दाखवायच्या स्पर्धेत, सामने वेळेच्या बंधनात होतात, त्यात तीन कॅचर असतील तर पाच सामन्यांत तुमची मुलगी दीडेक सामना मास्क घालणार. आणि नेमक्या त्याच वेळी हवा तो कोच शेजारच्या मैदानावर उभा असणार.

कॉलेजला गेलेल्यांची यादी मागा, पण गेल्या दोन वर्षांचीच. प्रत्येक मुलगी क्लबात कितव्या इयत्तेत आली? कॉलेजशी बोलणी पक्की झाल्यावर आलेली मुलगी म्हणजे टेस्ट सिरीजवाला टॉपर. याहून खात्रीचा रस्ता उलट्या दिशेचा आहे. मुलीला आवडलेल्या वीस कॉलेजांच्या संघांची पानं उघडा. खेळाडूंच्या माहितीत गाव आणि पुष्कळदा क्लबही लिहिलेला असतो. तुमच्या भागातून त्या कॉलेजांत कोणत्या संघांतून मुली जातात, ते एका संध्याकाळी कळतं.

स्पर्धांच्या शिक्क्यांचा गोंधळही असतो. यूएसए सॉफ्टबॉल, यूएसएसएसए, पीजीएफ, अलायन्स या स्पर्धा भरवणाऱ्या संस्था, प्रत्येकीची राष्ट्रीय स्पर्धा आहे आणि प्रत्येक क्लब आपलीच खरी म्हणतो. मी एकच विचारते, गेल्या उन्हाळ्यात तिथे तुमच्या वीसपैकी किती कॉलेजांचे कोच आले होते? क्लबाला ते सांगता यायला हवं. न येणं हेही उत्तरच आहे.

नियम मात्र पाठ हवेत. डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या पातळीचा, कोच अकरावीच्या 1 सप्टेंबरआधी प्रवेशाबद्दल मुलीशी बोलू शकत नाही. त्याआधी आलेलं कॅम्पचं पत्रक म्हणजे निवड नव्हे, पेढे वाटू नका. डिव्हिजन थ्रीचे कोच आधीही उत्तर देतात, पण तिथे खेळाची शिष्यवृत्ती नाही. प्रिन्स्टनसारख्या आयव्ही लीगमध्येही नाही. डिव्हिजन वनमध्ये पूर्वी पूर्ण संघाला मिळून 12 शिष्यवृत्त्या असत, त्या वीस-बावीस जणींत वाटल्या जात. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तीत सामील झालेल्या कॉलेजांत 25 खेळाडूंची मर्यादा आली, पण 25 जणींना पूर्ण पैसे मिळतील असं नाही. शिवाय 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (चारपैकी सरासरी गुण) लागतोच.

ईमेल मुलीनेच लिहायचा, बाबांनी नाही. बाबांची भाषा कोचला पहिल्या ओळीत ओळखू येते. स्पर्धेच्या चार-पाच दिवस आधी पाठवायचा. त्यात शाळा संपण्याचं वर्ष, खेळायची जागा, जीपीए, जर्सी क्रमांक, मैदान, वेळ आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ. कॅचर असेल तर हातमोज्यात चेंडू बसल्यापासून दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंतचा वेळ दिसायला हवा, तोही न कापलेल्या चित्रीकरणात. अंतर 84 फूट 10 इंच. वरच्या कॉलेजांना 1.8 सेकंदांच्या आसपास लागतं.

ते कुटुंब जुन्याच, पाऊण तासावरच्या क्लबात राहिलं. तिथे जवळपास प्रत्येक सामन्यात प्लेटमागे तीच असते. तक्त्याचे रकाने आता तिने ठरवलेत. पहिल्या रकान्यात जीवशास्त्राचा विभाग, दुसऱ्यात तिथले कॅचर कोणत्या वर्षी बाहेर पडणार. बाबांकडे फोनचा स्लो मोशन. परवाचा आकडा त्यांनी मला रात्री साडेअकराला पाठवला: 1.97.