तलावपाळीला पूर्ण फेरी मारली, तरी वेग शून्य कसा?

तुमच्या नववीतल्या मुलाने विचारलंय की तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तलावाच्या काठाने, फेरी मारून निघालो तिथेच परत आलो, तर चाल निघते पण सरासरी वेग शून्य येतो, मग आपण चाललोच नाही का? मी ठाण्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. हा प्रश्न ज्या मुलाला पडतो त्याचं डोकं नीट चालतंय, असं खुशाल समजा.

आकडे घालून बघू. समजा फेरी १२०० मीटरची आहे आणि गडकरी रंगायतनापासून निघून तो २० मिनिटांत, म्हणजे १२०० सेकंदांत परत आला. चालीसाठी एकूण कापलेलं अंतर भागिले वेळ: सेकंदाला १ मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. वेगासाठी विस्थापन लागतं. निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर, तेही दिशेसकट. ते इथे शून्य. आता तो अर्ध्या फेरीवर थांबला आणि समोरचा काठ सरळ रेषेत ३६० मीटरवर आहे असं धरा. ६०० सेकंदांत ३६० मीटर, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला ०.६ मीटर, त्या काठाच्या दिशेने. चाल तेव्हाही १ मीटरच.

खरी गोम सरासरीत आहे. चालताना कुठल्याही क्षणी त्याचा वेग शून्य नव्हता. त्या-त्या क्षणाला वेगाचं परिमाण, म्हणजे दिशा सोडून उरलेला नुसता आकडा, हीच चाल. पण जाताना एका दिशेचा वेग आणि येताना उलट दिशेचा वेग बेरजेत एकमेकांना खोडतात, चालीचं तसं होत नाही. मुलं 'वेगाचं परिमाण म्हणजे चाल' हे वाक्य पाठ करतात आणि सरासरीलाही लावतात. मार्क जातात ते तिथे.

दिशेला एवढं महत्त्व का, हे त्याला बसमध्ये दाखवा. टीएमटीची बस तीन हात नाक्याला वळताना ड्रायव्हरने काटा २० वरून हलू दिला नाही, तरी उभी माणसं बाहेरच्या बाजूला झुकतात. शरीर सरळच जाऊ पाहतं आणि बस वळते. चाल तीच राहिली, पण दिशा बदलली म्हणून वेग बदलला. वेग बदलला की त्वरण आलं, आणि त्वरणाला बल लागतंच. बसला ते टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून मिळतं. म्हणून पावसात ओल्या रस्त्यावर वळणावर गाडी घसरते. नुसत्या चालीवरून यातलं काहीच कळलं नसतं. न्यूटनचे नियम पुढे शिकायचे तर वेगच हाताशी लागतो.

गणित तपासायची एक सोपी खूण: मागे न वळता सरळ रेषेत गेला तरच दोन्ही उत्तरं सारखी येतात. एरवी सरासरी वेगाचं परिमाण सरासरी चालीपेक्षा कमीच निघतं. जास्त आलं, तर आकृती काढून विस्थापन पुन्हा मोजायला सांगा.