बॅटरीनं पोखरलेला बोर्ड

प्रश्न : १९९० च्या सुमाराचा निओ जिओ एमव्हीएस बोर्ड (आर्केड गेम मशीनचा मुख्य सर्किट बोर्ड) आहे. बॅटरीभोवती हिरवट थर साचलाय. बॅटरी बदलली की झालं ना?

उत्तर : नाही हो! त्या निकेल-कॅडमियम बॅटरीतून गळलेला द्रव बोर्डावरच्या, वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या रेघा खात सुटतो. आधी ती काढा. पांढऱ्या व्हिनेगरनं, मऊ टूथब्रशनं घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन पूर्ण वाळवा. आता मल्टिमीटर घेऊन एकेक रेघ तपासा, घाई नको. वरून धड दिसणारी रेघ हमखास आतून तुटलेली निघते. तिथे बारीक तार सोल्डर करा.

सीआर२०३२ (नाण्यासारखा चपटा सेल) बसवणार असाल तर डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) हवाच, कारण बोर्ड बॅटरी चार्ज करतो आणि हा सेल चार्ज होणं धोक्याचं. मी तर बॅटरीची जागा रिकामीच ठेवतो. गेम चालतो, बंद केल्यावर सेटिंग आणि गुण तेवढे पुसले जातात.